‘स्टोरीटेलिंग’ म्हणजे कथाकथन?

प्रश्न : भाची जाहिरात क्षेत्रात शिरू पाहतेय. जागा ‘ब्रँड स्टोरीटेलिंग आणि कम्युनिकेशन्स’ची, म्हणजे मालाची ओळख गोष्टीसारखी सांगायची आणि ग्राहकांशी संवाद ठेवायचा; काम मराठी मजकुराचं, म्हणून अर्जही मराठीत मागवलाय. तिने स्वतःला ‘कथाकथनकार’ म्हटलंय. चालेल का?

प्रतिसाद : नको. कथाकथन म्हटलं की मिरासदार, शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि भरलेलं सभागृहच डोळ्यांपुढे येतं. ती स्वतंत्र कला आहे आणि तिचं नाव तिच्यापाशीच राहावं. ‘कम्युनिकेशन’साठी अभ्यासक्रमांत ‘संज्ञापन’ रुळलाय, पण वर्गाबाहेर तो कुणी बोलत नाही. ‘जनसंपर्क’ सगळ्यांना कळतो, फक्त त्याला सरकारी खात्याचा वास आहे. ब्रँडला मात्र बाजाराने केव्हाच ‘छाप’ आणि ‘मार्का’ म्हटलंय. मला ‘छाप’ फार आवडतो. डब्यावर असते तीही छाप आणि माणसावर पडते तीही.

प्रतिसाद : नाव नवं असलं तरी काम आपल्याकडे जुनं आहे. किर्लोस्करांचा कारखाना लोखंडी नांगर बनवायचा, पण त्याने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. अशा गिऱ्हाइकाला नांगर विकायचा तर नुसता भाव छापून काय होणार? १९२० साली शं. वा. किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. कारखान्याचं पत्रक म्हणून निघालेलं हे प्रकाशन पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने घरोघर वाचलं जाणारं मासिक झालं. त्यातला ‘खबर’ शब्द बघा. जाहिरात आपण टाळतो, खबर मात्र कान देऊन ऐकतो. या क्षेत्रात येणाऱ्याने शंवाकिंचं काम अभ्यासावंच.

प्रतिसाद : मी मराठी जाहिरातींचा मजकूर तपासते. आमच्याकडे बहुतेक मजकूर इंग्रजी-हिंदीतून उतरवलेला येतो. ‘तुमच्या त्वचेला द्या ती काळजी, जिची ती हक्कदार आहे’, असं कोणती आई मुलीला सांगते? ‘थंडीने गाल फुटलेत? रात्री झोपताना लावा’, एवढ्यात काम होतं. हे दुसरं वाक्य ज्याला सुचतं त्याला मी ‘जाहिरातलेखक’ म्हणते आणि तो मिळणं खरोखर कठीण झालंय. शब्द जुना आहे, पण कामाचा माणूस त्यातून चटकन ओळखू येतो.

प्रश्नकर्ता : म्हणजे पदाचं नाव ‘जाहिरातलेखक’. आणि ‘कम्युनिकेशन्स’चं काय?

प्रतिसाद : त्याला एक शब्द शोधत बसू नका, कामं लिहा. प्रसिद्धिपत्रकं, पाकिटावरचा मजकूर, रेडिओची संहिता, ग्राहकांच्या तक्रारींना दिलेली उत्तरं, यांतलं जे केलं असेल ते. शेवटचं तर आवर्जून लिहा. चिडलेल्या गिऱ्हाइकाला सरळ, नम्र मराठीत उत्तर देता येणं ही मोठी जमेची बाजू आहे. सोबत दोन-तीन नमुने जोडा, आणि एका नमुन्यात आधीचा भाषांतरित मजकूर व तिने केलेला बदल शेजारी-शेजारी ठेवा.