उधारी आणायला घरातून कोण जातं? मुलांनीच करायच्या सर्वेक्षणाबद्दल सल्ला हवा

अभ्यासिका_भांडुप

नमस्कार मंडळी. भांडुप पश्चिमेला डोंगरउतारावरच्या वस्तीत मी गेली अकरा वर्षं अभ्यासिका चालवते. मंडळाची खोली, दोन ट्यूबलाइट, चार लांब बाकं, संध्याकाळी सहा ते साडेनऊ. घरात अभ्यासाला कोपरा नाही म्हणून आठवीपासून बारावीपर्यंतची मुलं येतात.

दिवाळीनंतर खालच्या रस्त्यावरच्या एका कंपनीने कंत्राटी माणसं कमी केली. आमच्या चार गल्ल्यांतल्या बऱ्याच घरांत पगार यायचा थांबला. मला हे कुणी येऊन सांगितलं नाही. जानेवारीत दहावीच्या एका मुलाने सगळी गाइडं टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाला, "ताई, दुसऱ्या कुणाला द्या." परीक्षा तोंडावर आली होती. आठवीतली एक मुलगी सातला यायची, ती पावणेआठला येऊ लागली. आईने आणखी दोन घरची कामं धरली, म्हणून भाकऱ्या थापून, धाकट्याला जेवायला घालून मग ती यायची.

त्याच सुमारास एका संस्थेने चार पानी फॉर्म पाठवला. आमच्या मोठ्या मुलांनी घरोघर जाऊन तो भरून आणायचा होता. पहिलाच प्रश्न कुटुंबाचं मासिक उत्पन्न. तो वाचल्यावर बारावीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, उत्पन्न विचारलं की सगळे काहीतरी आकडा सांगतात. त्यापेक्षा विचारा ना, दुकानात उधारी आणायला घरातून कोण जातं?"

मला कळलंच नाही. मग तिने समजावून सांगितलं. मागची बाकी वाढली की दुकानदार मोठ्या माणसाला चारचौघांत बोलतो. पोराला मात्र रिकाम्या हाताने परत पाठवायला त्याचा जीव होत नाही. म्हणून पिशवी आणि वही देऊन पोराला पाठवतात. ती स्वतः सातवीत असल्यापासून जाते. दुकानापाशी पोचली की बाजूच्या गोणीवर हात ठेवून उभी राहते. बाकीची गिऱ्हाइकं गेली की मगच वही पुढे करते. वर्गातली कुणी येताना दिसली तर नळापर्यंत एक फेरी मारून येते. हे सांगताना ती फॉर्मचा कोपरा दुमडत होती. मी विचारलं, अजून कोण कोण जातं? खोलीत नऊ जण होते, सहा हात वर झाले.

अकरा वर्षं ही मुलं माझ्यासमोर बसतात आणि मला हे माहीत नव्हतं. फॉर्म तयार करणाऱ्यांना तर कुठून असणार?

तेव्हापासून मनात आहे की हा अभ्यास या नऊ जणांनीच करावा. वयं १५ ते १९. लॉकडाऊन लागला तेव्हा ही पोरं प्राथमिकला, नाहीतर नुकतीच हायस्कूलला होती. तीन भावंडांत एक फोन, तोही बाप कामावर गेला की नाही, अशी शाळा त्यांनी केली आहे. पैसा आटला की घरातल्या लहानांचं काय होतं हे त्यांना आतून माहीत आहे. प्रश्न त्यांनी काढावेत, ९ ते १४ वर्षांच्या मुलांशी त्यांनीच बोलावं, निष्कर्षही त्यांनीच लिहावेत.

पण भीती वाटते. बोलता बोलता एखादं लहान मूल रडायला लागलं तर? एखाद्याने घरातलं असं काही सांगितलं की जे ऐकून गप्प बसता येणार नाही, तर? आणि या नऊ जणांच्या घरीही तीच ओढाताण चालू आहे. त्यांच्यावर मी आणखी एक ओझं टाकतेय का? ज्यांनी असं काही केलं आहे त्यांनी मोकळेपणाने लिहावं.

गिरणगावकर

ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. लालबागच्या चाळीत आमची दहा बाय बाराची खोली, वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर. अडीच लाख कामगार बाहेर पडले. संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत यांच्या सभा, गिरण्यांची कुलपं, पुढे जमिनींचं काय झालं, सगळं छापून आलं. आम्हा पोरांना मात्र तेव्हा कुणी काही विचारलं नाही आणि नंतरही नाही.

मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की बाबा दिवसाउजेडी घरी दिसले की पोटात गोळा यायचा. आधी पाळी बदलली की ते दुपारी घरी झोपायचे, त्याचं काही वाटत नसे. संपात ते झोपायचे नाहीत, कॉमन गॅलरीत नुसते उभे असायचे. आईने खाणावळ सुरू केली, माणसं आठ. डबे पोचवायला मी. थोरल्या बहिणीची शाळा सातवीत सुटली ती कायमची, कारण आठ माणसांच्या चपात्या लाटायला दुसरं कोण होतं?

आणि मला जूनमध्ये गावी पाठवलं, देवगडकडे, आजीजवळ. मुंबईच्या शाळेतून नाव कमी झालं. हेच तुम्हाला सांगायचं आहे. तुमची मुलं गल्लीत फिरून जी मुलं दिसतील त्यांना विचारतील. पण ज्या घरांवर सगळ्यात जास्त कोसळलं त्यांची मुलं वस्तीत उरलेलीच नसतात. कुणाला गावी पाठवलेलं असतं, कुणाला मामाकडे, कुणाचं अख्खं बिऱ्हाड स्वस्त भाड्याच्या खोलीत विरार-नालासोपाऱ्याला गेलेलं असतं. त्यांना धरलं नाही तर तुमचा अभ्यास सांगेल की सगळं बरं चाललंय.

यावर उपाय मुलांकडेच आहे. त्यांना गेल्या वर्षीच्या वर्गाचा ग्रुप फोटो आणायला सांगा. एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून विचारा, हा आता कुठे आहे? शाळेच्या पटावर काही वेळा नाव तसंच राहतं. शेजारी बसणाऱ्याला मात्र पक्कं ठाऊक असतं.

क्षेत्रकार्य_देवनार

मी समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना वस्तीत घेऊन जाते, मुलांबरोबर कामही केलं आहे. तुमची भीती रास्त आहे, तरीही काम जरूर करा. १९८९ च्या बालहक्क कराराच्या १२ व्या कलमात मुलांना त्यांच्याशी संबंधित बाबींत मत मांडायचा आणि ते विचारात घेतलं जाण्याचा हक्क दिला आहे. भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला. कागदावर तीस वर्षांहून जुना असलेला हा हक्क तुमच्या खोलीत आत्ता खरा होतोय.

संमतीचं आधी बघा. पालकांची संमती लागेलच, पण ती मिळाली म्हणजे मुलाची मिळाली असं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमावलीत ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि १२ ते १८ च्या मुलाची लेखी संमती वेगळी घ्यायला सांगितली आहे. ती नियमावली आरोग्याच्या संशोधनासाठी आहे, पण आपणही तेच पाळावं. तुमच्या नऊ जणांतले जे अठराच्या आतले आहेत त्यांच्याही घरची परवानगी घ्या. मूल मध्येच उठून गेलं तर जाऊ द्यायचं, मागे लागायचं नाही, हे त्यांच्याकडून दोन-तीनदा करून घ्या. मोठ्या मुलांना 'नाही' ऐकायची सवय नसते.

"हे मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन त्यांनी कधीही देऊ नये. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. "तुझं नाव कुठे येणार नाही, पण तुला कुणी इजा करत असेल तर मी ताईंना सांगणार," असं सुरुवातीलाच सांगायचं. पुढचं तुमच्याकडे. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी १९९६ साली आपल्या मुंबईतच सुरू झाली, तो नंबर नऊही जणांना पाठ असू द्या.

स्वतःच्या गल्लीत कुणी जायचं नाही, गल्ल्या अदलाबदल करा. दोघादोघांनी जा. आणि प्रश्न "तुझ्या घरी" असा नको. "आपल्या वस्तीत तुझ्याएवढ्या मुलांना काय काय करावं लागतं?" असं विचारलं की मूल स्वतःचं सांगायचं की नाही ते स्वतः ठरवतं.

एक अनुभव सांगते. "तू काम करतोस का?" या प्रश्नाला सगळी मुलं नाही म्हणतात. आणि ते म्हणताना हात चालू असतात. इमिटेशनच्या माळा ओवणं, टिकल्या पाकिटात भरणं, डझनावर पैसे. घरात बसून आईबरोबर केलं की त्याला कुणी काम म्हणत नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालमजुरीच्या कायद्यानेही शाळा सांभाळून कुटुंबाच्या धंद्यात मदत करायला चौदाच्या आतल्या मुलांना मुभा दिली आहे. माझं स्पष्ट मत आहे की या फटीतून फार मुलं दिसेनाशी होतात. म्हणून विचारा, "काल संध्याकाळी दिवेलागणीपासून झोपेपर्यंत काय काय केलंस?"

भाकऱ्या करून येणाऱ्या मुलीवरून आठवलं. अमेरिकेतल्या १९३० च्या दशकातल्या महामंदीत ओकलंड शहरातल्या १६७ मुलांचा अभ्यास झाला होता, समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांनी पुढे त्याचा अर्थ लावला. ज्या घरांचं उत्पन्न फार घसरलं तिथे मुलगे बाहेरच्या कामाला लागले आणि मुलींवर घरकाम आलं. गिरणगावकर काकांच्या घरातली वाटणी तीच आहे. तुमच्या मुलांनी मुलगे आणि मुली यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात.

चेंबूरची_मुलगी

मी बावीस वर्षांची आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना अशाच एका गटात होते, म्हणून लिहितेय. मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी २००६ मध्ये संशोधन हा प्रत्येकाचा हक्क आहे असं मांडलं. त्यांनीच उभारलेल्या पुकार या संस्थेने मुंबईतल्या तरुणांना गटागटाने आपल्याच वस्तीचा अभ्यास करायला शिकवलं. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण फक्त फॉर्म भरून घेणारी मुलं नाही.

पण आमचं पुढे काय झालं ते सांगते. आम्ही तीन महिने फिरलो, अहवाल इंग्रजीत झाला आणि फाइलमध्ये गेला. ज्या काकूंनी मला दोन तास दिले त्या अजून विचारतात, "अगं, त्या कागदाचं काय झालं?" मी रस्ता बदलते. तुमच्या मुलांवर ही वेळ आणू नका. निष्कर्ष आधी वस्तीत, मराठीत, मंडळाच्या फळ्यावर. मग बाकीच्यांना.

दुसरं, मुलांना पैसे द्या. प्रत्येक रविवारचे ठरलेले, थोडे का होईना. घरात पगार नसताना पोर फुकट सर्वेक्षण करत फिरतंय म्हटल्यावर आई-बाप किती दिवस ऐकून घेतील?

आणि फक्त दुःख विचारू नका. माझा भाऊ तेराव्या वर्षी रोज पहाटे दुधाच्या पिशव्या टाकायचा. त्याच्याबद्दल कुणी "बिचारा" म्हटलं की तो भडकायचा. त्याला त्याचा अभिमान होता आणि त्याची झोप होत नव्हती, दोन्ही खरं होतं. देवनारच्या ताई, तुम्ही म्हणता तसं काम म्हणून नोंदवाच, पण त्याला त्याबद्दल काय वाटतं तेही त्याच्याच शब्दांत लिहून घ्या.

अभ्यासिका_भांडुप

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रविवार गेले, म्हणून परत लिहितेय.

पहिल्या रविवारी आम्ही एक नियम केला. जो प्रश्न विचारायचा त्याचं उत्तर आधी आपण द्यायचं. देता आलं नाही तर तो प्रश्न काढायचा. अठरा प्रश्नांतले सात असेच गेले. "रात्री उपाशी झोपलास का?" हा सगळ्यात आधी गेला. त्याऐवजी "घरात दूध कोणतं येतं, अर्ध्या लिटरची पिशवी, छोटी पिशवी की कोरा चहा?" असं ठेवलंय. हे कोणीही सहज सांगतं.

उधारीच्या प्रश्नाशी ती मुलगी स्वतःच अडली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, हा तोंडी नको, आपण लहानांबरोबर दुकान-दुकान खेळू. एकाने दुकानदार व्हायचं, बाकीच्यांनी गिऱ्हाईक. गिऱ्हाईक म्हणून आई येते, बाबा येतात की पोर येतं, आणि दुकानदार काय बोलतो ते बघायचं. आम्ही अभ्यासिकेतच करून पाहिलं. दुकानदार झालेला सहावीतला मुलगा पहिल्या वाक्यालाच म्हणाला, "आधी मागचं सांग." त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

पैशांचं पटलं. मंडळाच्या वर्गणीतून प्रत्येकाला रविवारचा नाश्ता आणि ठरावीक रक्कम मिळेल, अध्यक्षांशी थोडं भांडावं लागलं. एका मुलाच्या वडिलांचा अजून नकार आहे. घरातलं चव्हाट्यावर नको, म्हणतात. त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही. गुरुवारी त्यांना भेटायला जाणार आहे, तेव्हाही नाही म्हणाले तर तो मुलगा फक्त फळ्यावरच्या लिखाणाचं काम करेल.

गिरणगावकर काका, फोटोची युक्ती लागू पडली. गेल्या वर्षीच्या सातवीचा फोटो पोरांनी आणला, बोटं फिरली. पाच चेहरे वस्तीत नाहीत. त्यातल्या एकाच्या आजीचा नंबर मिळाला, चिपळूणजवळचं गाव आहे. आजीची आणि त्याच्या आईची परवानगी घेतली, मग आमच्या अकरावीतल्या मुलाने फोन स्पीकर बंद करून कानाला लावला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. वीस मिनिटं बोलत होता. आत आला तेव्हा वहीचं पान दोन्ही बाजूंनी भरलेलं होतं. नाव कुठेच नाही, वरच्या कोपऱ्यात नुसता १ हा आकडा लिहिला होता.