लष्करी विमान पडलं की कारण कोण ठरवतं आणि जबाबदार कोण?

हिंडलग्याची ताई
भाच्याला एअरफोर्समध्ये जायचंय. जानेवारी २०२३ मध्ये ग्वाल्हेरहून उडालेली सुखोई आणि मिराज पडली, त्यात आपल्या गणेशपूरचे मिराजचे वैमानिक गेले. तेव्हापासून हा विषय निघाला की बहीण उठून आत जाते. माझा प्रश्न मात्र चौकशीचा आहे. ८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळ जनरल रावत यांचं एमआय-१७ व्ही५ हेलिकॉप्टर पडून १४ जण गेले. जानेवारी २०२२ मध्ये सांगितलं की निष्काळजीपणा नव्हता, दरीत हवामान अचानक बदललं आणि हेलिकॉप्टर ढगात शिरलं. डिसेंबर २०२४ च्या संसदीय समितीच्या अहवालात मात्र कारण लिहिलंय ‘मानवी चूक’. खरं काय धरायचं? मेलेल्या वैमानिकावर ढकलून फाइल बंद करतात, असं गल्लीत लोक बोलालेत.

खानापूरचा एअरफ्रेमवाला (निवृत्त)
ताई, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. ढगात वैमानिकाचं वर-खालीचं भान सुटतं आणि धडधाकट विमान डोंगरावर जातं. ते माणसाच्या हातून घडलं, म्हणून अहवालातल्या कारणाच्या रकान्यात तसं लिहितात. घ्यायला हवी ती काळजीच घेतली नाही तर तो निष्काळजीपणा. माझा राग त्या रकान्यावरच आहे. हवामानाची माहिती किती जुनी होती, उड्डाण कोणी मंजूर केलं, घाई कोणाची होती, हे एका ओळीत कसं मावणार?

माझी सगळी नोकरी हँगरमध्ये, विमानाच्या सांगाड्याची देखभाल करण्यात झाली. विमान पडल्याची खबर आली की रडायला सवड नसते. एफ-७००, म्हणजे त्या विमानाचं देखभालीचं रजिस्टर, आधी कुलपात जातं. ज्या बाऊझरमधून, म्हणजे टँकरमधून, तेल भरलं त्याचे नमुने बाटल्यांत सीलबंद होतात. कोणी कुठला भाग बसवला, तपासून सही कोणी केली, सगळं त्या रजिस्टरात असतं, आणि जो तो आपली सही आठवत उभा असतो. तिथं एखादा पोरगा शिक्षेच्या भीतीनं गप्प बसला, तर खरं कारण ढिगाऱ्यातच राहतं. म्हणून कारण शोधणारे वेगळे आणि शिक्षा ठरवणारे वेगळे हवेत, हे मी ठासून सांगतो.

ब्रिटनचं बघा. २ जून १९९४ ला स्कॉटलंडमध्ये मल ऑफ किंटायरच्या डोंगरावर त्यांच्या हवाई दलाचं चिनूक हेलिकॉप्टर आदळलं, २९ जण गेले. त्यात ब्लॅक बॉक्सच नव्हता. मृत वैमानिकाला दोषी धरायचं तर तिळमात्र शंका उरता कामा नये, हा त्यांचाच नियम. चौकशी मंडळानं निष्काळजीपणा म्हटलं नव्हतं, तरी वरच्या दोन एअर मार्शलांनी तो ठपका ठेवला. रद्द व्हायला २०११ साल उजाडलं. सतरा वर्षं त्या घरांनी काय सोसलं असेल!

टिळकवाडीचा वकील
कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्कराची स्वतःची चौकशी, पुरावे गोळा करते. तिथला जबाब कोर्ट मार्शलमध्ये, म्हणजे लष्करी खटल्यात, तसाच चालत नाही, साक्षीदार पुन्हा उभे करावे लागतात. ज्याच्या नावाला बट्टा लागणार असेल त्याला हजर राहून उलटतपासणी घेता येते. पण गेलेला वैमानिक कुठून हजर राहणार? त्याच्या बाजूनं बोलणारा कोणीतरी नेमायलाच हवा. नागरी विमानांचे अहवाल एएआयबी ही सरकारी अपघात-तपास संस्था प्रसिद्ध करते, लष्कराचे पूर्ण अहवाल सहसा बाहेर येत नाहीत. गुपितं झाका, पण निष्कर्ष आणि त्यामागची कारणं घरच्यांच्या हाती द्या.

निपाणीकर
काका, मग वरचे अधिकारी कधी सापडतच नाहीत म्हणा की.

खानापूरचा एअरफ्रेमवाला (निवृत्त)
तसं नाही रे. २७ फेब्रुवारी २०१९ ला काश्मीरात बडगामला आपल्याच क्षेपणास्त्रानं आपलं एमआय-१७ पाडलं. सहा हवाई दलाचे आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. ही आपली मोठी चूक, असं तेव्हाचे वायुसेनाप्रमुख भदौरिया यांनी ऑक्टोबरमध्ये उघड सांगितलं. पुढे कोर्ट मार्शलनं एका ग्रुप कॅप्टनला बडतर्फ करायची शिफारस केली.

पण त्याच्याही मागं जाता येतं. २००६ मध्ये कंदाहारजवळ ब्रिटनचं निमरॉड हे टेहळणी विमान हवेत पेटलं, १४ जण गेले. २००९ चा अहवाल वैमानिकांपाशी थांबला नाही. विमान सुरक्षित आहे अशी कागदपत्रं ज्यांनी काही वर्षं आधी तयार केली, त्या कंपन्यांची आणि संरक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांची नावं त्यानं घेतली. पुढच्याच वर्षी तिथं लष्करी विमानसुरक्षेसाठी वेगळं प्राधिकरण उभं राहिलं. आपल्याकडे मला तेच हवंय.