माळावर मारवेल गवत लावायचंय: बीजगोळे करू की बियांना नुसता लेप देऊ?

माणदेशी_माळ
नमस्कार मंडळी. दहिवडीकडं आमचा दोन एकर मुरमाड माळ आहे, वर चार बोटं माती. आजोबांच्या काळात इथं मारवेल आणि पवन्या ही चाऱ्याची गवतं गुडघ्याला लागायची. आता नुसती कुसळी, म्हणजे टोचऱ्या कुसळांचं गवत. गेल्या मे महिन्यात घरच्या सगळ्यांनी बसून काळ्या मातीचे लिंबाएवढे बीजगोळे वळले. मृगाच्या सरीनं थोडे उगवले, मग तीन आठवडे उघडीप पडली, सगळं जळालं. बाकीचे गोळे दिवाळीलाही तसेच होते. एक दगडानं फोडला तर आत बी जसंच्या तसं! यंदा आईनं बांधाबांधानं फिरून दीड किलो मारवेलचं बी ओरबाडून आणलंय. ते वाया जाऊ द्यायचं नाही. काय बदलू?

कुरणवाली_बार्शी
दादा, काळी माती वाळली की वीट होते, नाजूक कोंब ती फोडू शकत नाही. शिवाय एका गोळ्यात वीस रोपं उगवली तर एकमेकांचीच ओल ओढतात. लेप कशासाठी, तर मारवेलचं बी लवदार आणि हलकं, वाऱ्यानं उडतं, मुंग्या नेतात. त्याला वजन आलं की झालं. मी चाळलेली पोयट्याची माती तीन वाट्या, कुजलेलं शेणखत एक, बारीक वाळू एक आणि बी एक वाटी घेते. पाणी शिंपडत घमेल्यात घोळवायचं, हरभऱ्याएवढ्या गोळ्या झाल्या की सावलीत वाळवायच्या.

पण आधी बी तपासा. तळहातावर चोळा, कडक दाणा लागतो का बघा. गवताच्या बियांत पोकळ फार असतं, आणि पोकळ बियाला कितीही लेप दिला तरी ते उगवणार कुठून?

आणि कुसळीच्या बियाला लेप देऊ नका. तिचं कुसळ ओलं झालं की पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो, आणि बी स्वतःच जमिनीत रुततं. लेपानं ते कुसळच जखडतं.

चर_आणि_बांध
ताईंचं पटलं. फक्त लेपानं ओल येत नाही, ती अडवावी लागते. उताराला आडवे चर काढा, चराच्या मातीवर बी टाका, वर बोरीच्या काट्या पसरा. सावलीही होते, शेळ्याही लांब राहतात. सगळं बी एकाच पावसावर लावू नका. निम्मं राखून ठेवा, उघडीप सरली की टाका.

माणदेशी_माळ
ताई, काल रात्री आई आणि मी शंभर बिया चोळल्या. एकतीसमध्ये दाणा लागला. आई म्हणाली, "म्हणजे दीड किलो नव्हे, अर्धा किलोच धर." आज दोन कुंड्या भरल्यात, एकीत लेपाचं बी, दुसरीत उघडं. दोन्हींना एकदाच पाणी दिलंय, आता आठ दिवस थेंबही नाही. काय होतंय ते इथंच कळवतो.