भारतातून दोन भावंडांना दत्तक घेऊन अमेरिकेत आणताना घरची तयारी

मुक्ता_एडिसन

नमस्कार. आम्ही दोघे न्यू जर्सीत राहतो. दोघांकडेही अमेरिकेचे नागरिकत्व आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) आहे. येथील मान्यताप्राप्त संस्थेमार्फत गृह अध्ययन अहवाल (घर आणि कुटुंबाची पाहणी) होऊन ‘कारा’कडे, म्हणजे भारतातील दत्तकविधानाच्या केंद्रीय सरकारी यंत्रणेकडे, नोंदणी झाली आणि आता मराठवाड्यातील एका संस्थेतील पाच वर्षांची बहीण व तीन वर्षांचा भाऊ यांच्यासाठी आम्ही संमती कळवली आहे. कागदपत्रांचे मार्गदर्शन नीट मिळते आहे, त्यामुळे त्याविषयी विचारत नाही. ना हरकत प्रमाणपत्र, जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश, पासपोर्ट आणि व्हिसा यांत जे महिने जातील, त्यांत कोणती तयारी करावी हे जाणून घ्यायचे आहे. मुलांसाठी दोन स्वतंत्र खोल्या सजवल्या आहेत. शाळेचा विचार करून घरात लगेच इंग्रजी सुरू करावे का? सासू-सासरे मदतीला येणार आहेत आणि मित्रमंडळींना स्वागतसमारंभ करायचा आहे. तो लगेच करावा का?

अनघा_शिकागो

मुक्ताताई, मनापासून अभिनंदन. आमची मुलगी चार वर्षांची असताना पुण्याहून घरी आली, त्या अनुभवावरून लिहिते. खोल्यांचा विचार तूर्त बाजूला ठेवा. ज्या मुलांनी आजवरची प्रत्येक रात्र इतर मुलांच्या शेजारी, मंद दिव्याच्या उजेडात काढली आहे, त्यांना बंद दाराआड एकटे झोपवणे ही शिक्षा वाटते. आमची लेक कित्येक आठवडे आमच्याच खोलीत, जमिनीवरच्या गादीवर, माझ्या ओढणीचे टोक मुठीत धरून झोपत असे, आणि सकाळी तिच्या उशीखाली पोळीचे तुकडे सापडत. आम्ही त्यावरून तिला कधी बोललो नाही. तिचा हात पोहोचेल अशा खालच्या फडताळात चुरमुऱ्यांचा आणि बिस्किटांचा डबा ठेवला आणि तो कधीही रिकामा होऊ दिला नाही. पुढे लपवणे आपोआप थांबले.

घरात मराठीच बोला. परदेशी कुटुंबात जाणारी बहुतेक मुले पहिल्याच दिवशी आपली भाषाही गमावून बसतात. तुमच्या मुलांवर ती वेळ येणार नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. इंग्रजी शाळेत आणि मैदानावर येईलच, पण पोट कुठे दुखते आणि भीती कशाची वाटते हे सांगायला आज त्यांच्याजवळ मराठीच आहे.

समारंभ काही महिने पुढे ढकला, असे मी आग्रहाने सांगेन. आजी-आजोबांना अवश्य बोलवा, मात्र त्यांनी स्वयंपाकघर सांभाळावे; भरवणे, आंघोळ घालणे आणि झोपवणे सुरुवातीला तुम्हा दोघांच्याच हातून व्हावे. ही मुले कोणाच्याही कडेवर सहज जातात आणि पाहुणे ‘किती लवकर रुळली’ म्हणून कौतुक करतात, पण आपले माणूस कोणते हे त्यांना अजून उमगलेले नसते.

निवृत्त_समाजसेविका

मी अनेक वर्षे महाराष्ट्रातील दत्तक संस्थांमध्ये काम केले आहे. सर्वांत आधी एक फोटो अल्बम पाठवा: तुम्ही दोघे, आजी-आजोबा, स्वयंपाकघर, झोपायची जागा, घरासमोरचा रस्ता, आणि प्रत्येक फोटोखाली साध्या मराठीत एक ओळ. संस्थेतील ताई तो मुलांना रोज दाखवतात आणि तुम्ही भेटाल तेव्हा तुमचे चेहरे ओळखीचे झालेले असतात.

ना हरकत प्रमाणपत्र मिळाल्यावर, दत्तक आदेश होईपर्यंत मुलांना भारतातच दत्तकपूर्व संगोपनासाठी घेता येते. रजा मिळत असेल तर ही संधी सोडू नका, कारण त्यामुळे घर बदलणे आणि देश बदलणे हे दोन धक्के एकाच आठवड्यात बसत नाहीत. त्या काळात सांभाळणाऱ्या मावशींना विचारून घ्या: धाकट्याला थोपटून झोप लागते की मांडीवर, भात पातळ लागतो की घट्ट, रडला की त्याला कोण जवळ घेते. बहुधा उत्तर ‘त्याची ताई’ असेच येईल. पाच वर्षांची ही मुलगी त्याची आई होऊन बसलेली असते. ते काम तिच्याकडून एकदम काढून घेऊ नका, तुम्ही त्याला सांभाळता आहात हे तिला दिसत राहिले की ती स्वतःच खेळायला लागते.

मुलांची नावे बदलू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मावशींसोबतचे फोटो, निघतानाचे कपडे आणि संस्थेची सर्व कागदपत्रे जपून ठेवा. अठरा वर्षांनंतर मुलांना स्वतः आपल्या मुळांची माहिती मागता येते. पुण्याच्या ‘श्रीवत्स’ या संस्थेतून दत्तक गेलेली आणि पुढे ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाचे कर्णधारपद भूषवलेली लिसा स्थळेकर आपल्या दत्तकविधानाविषयी मोकळेपणाने बोलते, तुमच्या घरातही हा विषय पहिल्या दिवसापासून तितकाच मोकळा असावा. मुले घरी आल्यावर पाठपुराव्यासाठी भेटीला येणाऱ्या समाजसेविकेला परीक्षक समजू नका. पाठपुरावा दोन वर्षे चालतो, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी, आणि अडचणी सांगण्यासाठीच तो असतो.

बालरोग_डॉक्टर

थोडी वैद्यकीय भर घालतो. अमेरिकेत पोहोचल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत बालरोगतज्ज्ञांना दाखवा. भारतातील अहवाल चांगले असले तरी क्षयरोग, कावीळ ब, जंत, रक्तक्षय आणि रक्तातील शिसे यांच्या तपासण्या पुन्हा करून घ्या. आपल्याकडील अनेक मुलांच्या पाठीवर किंवा कमरेखाली जन्मतः निळसर डाग असतात. तेथील शाळेत किंवा पाळणाघरात ते माराचे वळ समजले जाऊ शकतात, म्हणून पहिल्याच तपासणीत डॉक्टरांकडून त्यांची नोंद करून घ्या. सोडून दिलेल्या मुलांची जन्मतारीख बऱ्याचदा अंदाजाने लिहिलेली असते. दात किंवा उंची पाहून वय चुकले असावे असे वाटले, तरी तारीख बदलण्याची घाई करू नका. वर्षभर पोटभर आहार मिळाल्यावर उंची आणि वजन झपाट्याने वाढते, त्यानंतरच तो निर्णय घ्यावा.