मदत हवी आहे: द्राक्षरसातलं बुरशीचं विष फ्लुरोसंट सेन्सरने आपल्याला तपासता येईल का?

नमस्कार मंडळी. दिंडोरीला आमची तीन एकर बाग आहे, शरद सीडलेस या काळ्या द्राक्षांची. निर्यातीत न बसणाऱ्या मालाचा रस काढून बाटल्या भरतो. यंदा तोडणीच्या तोंडावर अवकाळीने गाठलं, मणी तडकले. परवा क्रेट निवडताना एक घड वरून अगदी छान दिसला. देठाजवळचे दोन मणी बाजूला केले तर आत काळी पूड, बोटाला काजळीसारखी लागली. असे किती घड नजरेतून सुटून रसात गेले असतील, याचा घोर लागलाय. आमचा रस लहान मुलं पितात.

काळ्या अस्परजिलस बुरशीमुळे द्राक्षात ऑक्राटॉक्सिन ए होऊ शकतं. ते मूत्रपिंडाला घातक, आणि रस पाश्चराइज करूनही जात नाही. युरोपात द्राक्षरसाला मर्यादा किलोमागे 2 मायक्रोग्रॅम.

पुतण्या एमएस्सी करतोय. तो म्हणाला, हे विष यूव्ही उजेडात स्वतःच निळसर चमकतं. म्हणून रात्री दिवे मालवून 365 नॅनोमीटरची टॉर्च बाटल्यांवर मारली. चांगल्या मालाची बाटली आणि संशयाची बाटली, दोन्ही सारख्याच दिसल्या. अ‍ॅप्टामरवाला सेन्सर (डीएनएचा तुकडा विषाला धरतो आणि चमक बदलते) घेतला तर एवढ्या काळ्या रसात चालेल?

प्रतिसाद:
दादा, टॉर्चवर विसंबू नका. 2 मायक्रोग्रॅम डोळ्यांना दिसणारच नाही. त्यात रसातली इतर द्रव्यंही चमकतात आणि काळा रंग उजेड गिळतो. प्रयोगशाळेत रस आधी इम्युनोअ‍ॅफिनिटी कॉलममधून सोडतात. तिथे प्रतिपिंडं विष धरून ठेवतात, रंग धुऊन जातो. मग एचपीएलसीवर (द्रवातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) साधारण 333 नॅनोमीटरचा उजेड देऊन 460 च्या आसपासची चमक मोजतात. सेन्सर घ्यायचाच तर आधी तुमच्या खात्रीच्या रसात ठरावीक विष मिसळून तो किती परत दाखवतो, ते प्रयोगशाळेकडूनच तपासून घ्या. पाण्यात बरोबर आलेला आकडा रसात चुकतो. आणि सफरचंदाच्या रसासाठीचं पॅट्युलिनचं किट चुकूनही घेऊ नका, ते विषच वेगळं.

मूळ धागाकर्ता:
मनापासून आभार. हा लॉट थांबवलाय, बाटल्या दुकानात जाणार नाहीत. नमुना सोमवारी पाठवतोय. सगळ्या बाटल्या एकाच टाकीतून भरल्या नव्हत्या, तेव्हा प्रत्येक टाकीचा नमुना वेगळा द्यावा ना? ज्यांनी तपासणी करून घेतलीय त्यांनी कृपया सांगा.