इंद्रायणीला माणसासारखे हक्क मिळाले तर?

आळंदीची लेक: काल आईला घाटावर नेलं. पाण्यावर पांढरा फेस तरंगत होता. तीर्थ घ्यायला पुढे केलेली ओंजळ तिने तशीच मागे घेतली. पोटात तुटलं हो. नदीला कायद्याने व्यक्ती ठरवलं तर काही फरक पडेल का?

वकीलकाका: ताई, मार्च २०१७ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला तसा दर्जा दिला होता. पालक मात्र सरकारी अधिकारीच! जुलैत सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली.

काठावरचा: न्यूझीलंडच्या व्हांगानुई नदीसाठी त्याच वर्षी कायदाच झाला. तिच्या वतीने दोघं बोलतात: एक सरकारने नेमलेला, दुसरा तिथल्या माओरी जमातींनी.

आळंदीची लेक: मग इंद्रायणीच्या वतीने बोलायला काठावरचे शेतकरी, कोळी आणि वारकरी हवेतच. आई तर आजच तयार आहे.