लिनक्स वापरणारे लोक कंपन्यांवर एवढं का बोलतात?

कराडचा_मी

नमस्कार मंडळी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे सगळ्यांना माहीतच आहे. माझा लॅपटॉप सहाव्या जनरेशनचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, मागच्या वर्षी एसएसडी टाकून घेतली, एकदम मस्त चालतो, पण विंडोज ११ त्याच्यावर जात नाही कारण प्रोसेसर त्यांच्या यादीत नाही. मावसभावाने लिनक्स मिंट टाकून दिलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी, फुकट आणि मोकळ्या कोडची ऑपरेटिंग सिस्टिम, आणि खरं सांगायचं तर काही अडलं नाही, ब्राउझर, पीडीएफ, प्रिंटर सगळं चालू आहे.

पण हा मावसभाऊ आणि त्याचे मित्र, विषय कुठलाही काढा, गाडी शेवटी कंपन्यांवरच येते. कंपन्यांनी तंत्रज्ञान बळकावलं, विज्ञान बळकावलं वगैरे. मला खरंच समजून घ्यायचंय म्हणून विचारतो. ट्रान्झिस्टर १९४७ ला बेल लॅबमध्ये तयार झाला, युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम पण तिथलीच, १९६९ ची, आणि ती लॅब एका कंपनीचीच होती ना? मग कंपन्यांनी विज्ञान पुढे नेलं असं का नाही म्हणायचं? विंडोजचे पैसे मी लॅपटॉपच्या किमतीत दिले, त्याने इतकी वर्षं काम दिलं, हिशोब फिटला. यात सत्तेचा प्रश्न कुठे आला?

टक्स_सांगलीकर

प्रश्न चांगला विचारलात, सविस्तर लिहितो.

आधी हिशोब फिटला म्हणता त्याबद्दल. तुमचा लॅपटॉप बिघडला का? नाही. मंद झाला का? तुम्हीच म्हणताय मस्त चालतो. तरी तो कधी म्हातारा झाला हे ठरवलं दुसऱ्याच कुणीतरी, आणि ते ठरवताना तुम्हाला विचारायची गरज त्यांना वाटली नाही. प्रोसेसरची यादी आणि टीपीएम २.० (मशिनमधली सुरक्षेची चिप) असलीच पाहिजे ही अट यामुळे जगभर अशी किती चालती मशिनं भंगाराच्या रस्त्याला लागली असतील विचार करा. मला सत्ता दिसते ती इथे, पैसे किती घेतले हा मुद्दा माझ्यासाठी दुय्यम आहे.

आता बेल लॅब. ही गोष्ट अर्धीच सांगितली जाते म्हणून मला फार तळमळ आहे हिच्याबद्दल. बेल लॅबची मालक एटी अँड टी, अमेरिकेतल्या टेलिफोनवर जवळजवळ पूर्ण कब्जा असलेली कंपनी. तिकडच्या सरकारने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली १९४९ मध्ये तिच्यावर खटला भरला आणि १९५६ मध्ये तडजोड झाली. त्यात दोन मोठ्या अटी होत्या, एक म्हणजे आधीची पेटंटं इतरांना रॉयल्टी न घेता वापरू द्यायची, आणि दुसरी म्हणजे टेलिफोन सोडून दुसऱ्या धंद्यात उतरायचं नाही. म्हणून युनिक्स तयार झालं तेव्हा कंपनीला ते बाजारात माल म्हणून विकता येत नव्हतं, आणि ते किरकोळ फी घेऊन सोर्स कोडसकट, म्हणजे माणसाला वाचता-बदलता येईल अशा मूळ प्रोग्रामसकट, विद्यापीठांना दिलं गेलं. बर्कलीच्या पोरांनी ते उघडलं, वाचलं, सुधारलं, एक अख्खी पिढी त्याच्यावर शिकली. १९८४ मध्ये एटी अँड टीचे तुकडे झाले, सोबत ती धंद्याची बंदी पण उठली आणि युनिक्सचा लगेच विकायचा माल झाला. कुलपं लागली, वकील आले. त्याच सुमाराला, म्हणजे सप्टेंबर १९८३ मध्ये, रिचर्ड स्टॉलमनने जीएनयू, म्हणजे युनिक्ससारखीच पण सगळ्यांना मोकळी सिस्टिम बनवायचा प्रकल्प, जाहीर केलं होतं, १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आणला आणि १९९२ मध्ये तो जीपीएल लायसन्सखाली गेला, ज्यात कोड कुणीही वापरावा, बदलावा पण पुढे देताना मोकळाच ठेवावा लागतो. तेव्हा बेल लॅबमधल्या माणसांची हुशारी मला शंभर टक्के मान्य आहे, पण ती जगात पसरली ती कंपनीला वेसण घातली होती म्हणून.

अलीकडचं आणि आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर नायरा एनर्जी. गुजरातमध्ये वाडिनारला यांची रिफायनरी, जवळपास निम्मी मालकी रशियाच्या रोसनेफ्टकडे. जुलै २०२५ मध्ये युरोपियन युनियनने निर्बंध लावले आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने त्यांची सेवा थांबवली, कर्मचाऱ्यांचे ईमेल, टीम्स सगळं बंद. भारतात चालणारी कंपनी, भारताच्या कायद्याने काही मनाई नाही, लायसन्सचे पैसे भरलेले आहेत असं त्यांचं म्हणणं, आणि तरी आपलाच पत्रव्यवहार बघायला दिल्ली हायकोर्टात जावं लागलं. सेवा परत सुरू झाली, काही दिवसांतच झाली. रशियाचं तेल घ्यावं की नाही हा वाद वेगळा आहे, त्यात मी इथे पडत नाही. देशातली एवढी मोठी रिफायनरी परदेशातल्या एका ऑफिसातून मुकी करता येते हे तेव्हा दिसलं.

मी कंपन्यांच्या विरोधात नाही. माझी कसोटी एकच आहे. मालकाशी पटलं नाही तर भांडीकुंडी घेऊन बिऱ्हाड हलवता येतं का? येत असेल तर कंपनी कितीही मोठी असो, मला चालेल.

प्रेसवाला_सोलापूर

वरचं बिऱ्हाडाचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. मी कॉम्प्युटरवाला नाही, छपाईवाला आहे, पत्रिका, पावती पुस्तकं, संस्थांचे अहवाल, आधी दोन दिवाळी अंकांचं काम पण असायचं.

आमच्या धंद्यात युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर सारखीच चालणारी अक्षरांची पद्धत) यायच्या आधीचं सगळं टायपिंग जुन्या लिपी फॉन्टांत आहे. ते सॉफ्टवेअर लॉकवर चालायचं, लॉक म्हणजे कॉम्प्युटरच्या मागे लावायचा ठोकळा, आधी प्रिंटरच्या पोर्टात लागायचा मग यूएसबीवाला आला. ठोकळा नाही तर सॉफ्टवेअर उघडत नाही. माझा ठोकळा एका पावसाळ्यात गेला. ज्यांच्याकडून घेतलं होतं ते म्हणाले नवीन व्हर्जन घ्या, जुन्याचा ठोकळा आता मिळत नाही. नवीन घेतलं तर जुन्या मशिनवर चालेना. म्हणजे अक्षर मी जुळवलं, मुद्रितं मी तपासली, मजकूर गिऱ्हाइकाचा, आणि कुलूप तिसऱ्याचं.

मग कन्व्हर्टर लावून युनिकोडमध्ये आणायला बसलो. त्या फॉन्टांमध्ये अक्षरं जशी डोळ्याला दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणजे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर. साध्या कन्व्हर्टरने काढलं की "कार्यक्रम" चं "कायर्क्रम" होतं आणि "स्थिती" ची "िस्थती". एका संस्थेचा पंचवीस वर्षांचा इतिहास असा "कायर्क्रम कायर्क्रम" करत माझ्याकडे पडलाय, हाताने दुरुस्त करतोय, रोज थोडी पानं. पुतण्याने पायथनमध्ये एक स्क्रिप्ट करून दिली, तिने बरंच सुधारतं पण जोडाक्षर आणि वेलांटी एकत्र आली की अजून अडतं.

आता नवीन काम मी युनिकोडमध्येच घेतो आणि लिबरऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये ठेवतो. पुस्तकाची पानं लावायला स्क्राइबस बघितलं, २०२४ च्या सुरुवातीला १.६ आलं त्यात देवनागरी जोडाक्षरं नीट लागतात. पण कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर लिनक्सवर येत नाही आणि पत्रिकेचं डिझाइन गिऱ्हाईक कोरलमध्येच आणतं, त्यामुळे एक विंडोजचं मशीन ठेवावंच लागतं.

हिंजवडी_नाइटशिफ्ट

सगळं पटलं पण एक बाजू राहतेय भावांनो. कर्नलमध्ये आज जो कोड जातो त्यातला बहुतेक कंपन्यांच्या पगारावरची माणसं लिहितात, इंटेल, गूगल, रेड हॅट, एएमडी. फावल्या वेळातल्या हौशी पोरांनी हे सगळं चालवलंय हे चित्र आता खरं नाही. आणि फक्त लिनक्स आहे म्हणून मोकळे झालो असंही नाही. खिशातला अँड्रॉइड फोन बघा, आत कर्नल लिनक्सचाच आहे, पण बऱ्याच कंपन्या बूटलोडर (फोन चालू होताना कुठली सिस्टिम सुरू करायची ते ठरवणारा भाग) उघडू देत नाहीत, आणि जिथे उघडता येतो तिथे उघडला की बँकेची ॲपं रुसतात. कोड मोकळा पण किल्ली फोनवाल्याकडे.

टक्स_सांगलीकर यांची कसोटी मात्र मला बरोबर वाटते, ती प्रत्यक्षात लागलेली मी बघितली आहे. आयबीएमने २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलरला रेड हॅट ही लिनक्सची कंपनी घेतली. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की सेंटओएस ८, म्हणजे रेड हॅटच्या लिनक्सची फुकट आवृत्ती, जिचा सपोर्ट २०२९ पर्यंत धरून लोकांनी सर्व्हर लावले होते, ती २०२१ अखेरच बंद. जगभर बोंब झाली. पण कोड आणि लायसन्स मोकळं असल्यामुळे रॉकी आणि अल्मा हे तसेच फुकट पर्याय उभे राहिले आणि लोकांनी सर्व्हर तिकडे हलवले. ओपनऑफिस सांभाळणारी सन कंपनी ओरॅकलकडे गेली तेव्हा पण असंच झालं, २०१० मध्ये ओपनऑफिसची बहुतेक मंडळी बाहेर पडली आणि लिबरऑफिस निघालं, जे आज वरचे प्रेसवाले काका वापरतायत.

मला जास्त काळजी वेगळी वाटते. मार्च २०२४ चं एक्सझेड प्रकरण. फायली दाबायची एक छोटी लायब्ररी, जवळपास प्रत्येक लिनक्सवर असते, सांभाळणारा एकच माणूस, तोही थकलेला. दोनेक वर्षं गोड बोलून एकाने त्याचा विश्वास मिळवला आणि आत चोरदरवाजा बसवला. सापडला कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनियरला एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या मशिनवर लांबून सुरक्षित शिरायला) सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं आणि तो खोदत गेला. हा माणूस मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला, हेही सांगायला हवं. कोड उघडा होता म्हणून खोदता आलं. पण ज्या लायब्ररीवर अब्जावधींचे धंदे उभे आहेत तिच्या त्या एकट्या माणसाकडे बघायला एकाही बड्या कंपनीला वेळ नव्हता याचा मला राग येतो.

खोडदची_अँटेना

विज्ञानाबद्दल कुणी नीट बोललं नाही म्हणून मी लिहिते. रेडिओ खगोलशास्त्रात काम केलंय, नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा डेटा वापरून. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, आणि त्या डेटावर काम करायचं तर एआयपीएस किंवा कासा ही सॉफ्टवेअर, दोन्ही लिनक्सवर चालतात, दोन्हींचा कोड उघडा. एआयपीएस तर १९७० च्या दशकाच्या शेवटी सुरू झालेलं आहे आणि अजून चालतं. मी काढलेल्या नकाशावर शंका आली तर दुसऱ्या देशातली विद्यार्थिनी तोच कोड, तोच डेटा घेऊन पायरी पायरीने तपासू शकते. कुठली पायरी पेटीत बंद असेल तर तिथे माझ्यावर नुसता विश्वास ठेवावा लागेल, आणि मग ते विज्ञान कसलं.

जीवशास्त्रातलं उदाहरण याहून बोलकं आहे. माणसाच्या काही जनुकांची नावं होती मार्च-१, सेप्ट-१ अशी. एक्सेलमध्ये टाकली की ते परस्पर तारीख करून टाकायचं, १ मार्च, १ सप्टेंबर. २०१६ मध्ये तपासणी झाली तेव्हा एक्सेलच्या जनुक-याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी साधारण एक पंचमांशात असल्या चुका निघाल्या. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने जनुकांचीच नावं बदलली, मार्च-१ चं मार्चएफ-१ केलं. ती आपोआप तारीख करण्याची सवय बंद करायची सोय एक्सेलमध्ये आली २०२३ मध्ये. म्हणजे आधी विज्ञानाने आपली नावं बदलली आणि मग कंपनीने एक टिकमार्क दिला. कुणाच्या मनात काही वाईट होतं असं मी म्हणत नाही, पण कोण कुणासाठी बदललं ते बघा.

आणि जर्नलं. संशोधन बऱ्याचदा सरकारी पैशातून, लिहायचं फुकट, दुसऱ्याचा निबंध तपासून द्यायचा तोही फुकट, आणि छापून आलेलं वाचायला प्रकाशकाला पैसे. वन नेशन वन सबस्क्रिप्शन या सरकारी संस्थांना जर्नलं वाचायला देणाऱ्या योजनेत केंद्र सरकारने तीन वर्षांसाठी ६००० कोटी ठेवलेत, ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नलं. छोट्या गावातल्या सरकारी कॉलेजच्या पोरांना वाचायला मिळतंय याचा मला मनापासून आनंद आहे. पण करार संपला की पुन्हा तेच दार ठोठवायचं. भौतिकशास्त्रवाले १९९१ पासून अर्काइव्ह या वेबसाइटवर निबंध मोकळे टाकतायत, ते काही कमी दर्जाचं विज्ञान करत नाहीत.

कराडचा_मी

सगळ्यांचे आभार, विशेषतः बेल लॅबचा पुढचा भाग मला माहीतच नव्हता. प्रेसवाल्या काकांचं वाचून तर घरातले जुने सीडीवरचे मजकूर उघडतात का ते बघायला घेतलंय. आता एक व्यवहाराचा प्रश्न, माझं टॅली आहे, ते मिंटवर कसं करू? आणि बायकोला मराठी टायपिंग शिकायचंय.

टक्स_सांगलीकर

टॅली विंडोजवरच आहे, त्याला आज तरी सरळ उपाय नाही. मिंटमध्ये व्हर्च्युअलबॉक्स टाका, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर, त्यात विंडोज आणि त्यात फक्त टॅली, ८ जीबीमध्ये भागेल पण ब्राउझरचे चाळीस टॅब उघडे ठेवू नका. ते विंडोज सपोर्ट संपलेलं असेल तर त्याचं नेट बंदच ठेवा, रिटर्न भरायचं काम मिंटच्या ब्राउझरमधून करा. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन असेल तर आधी त्याचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का बघा, सगळ्यांचा मिळत नाही. टॅलीचा बॅकअप वेगळ्या पेनड्राइव्हवर, आणि वर्षाचे लेजर पीडीएफ आणि सीएसव्हीमध्ये काढून ठेवा, म्हणजे उद्या टॅली नसलं तरी आकडे वाचता येतील.

वहिनींना सेटिंगमधून मराठी इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांची ठरलेली कीबोर्ड मांडणी, लावून द्या, पहिले काही दिवस जड जातं पण मोबाइलवर, ऑफिसात, कुठेही तोच कीबोर्ड मिळतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर लिबरऑफिसचे धडे मराठीत आहेत, फुकट आहेत, डाउनलोड करून ठेवता येतात. रायटरपासून (त्यातलं लिहायचं सॉफ्टवेअर) सुरुवात करायला सांगा.